एकोणिसावं ब्युरेट

२७ जून, शुक्रवार

विषय-निवडीच्या टेबलावर बसवलंय मला. तासिका तत्त्वावरच्या बाईला असलीच कामं. सकाळी दहापासून एकच पाढा, "मॅडम, केमिस्ट्री कोणती घेऊ?" कॉलेजनं यंदा पहिल्या वर्षाला तीन केमिस्ट्र्या काढल्यात. अ म्हणजे गणिताच्या अंगानं जाणारी, ज्याला केमिस्ट्रीतच पुढं राहायचंय त्याला. ब म्हणजे डॉक्टरकी, फार्मसी, नर्सिंगची वाट धरणाऱ्यांना. क आर्ट्स-कॉमर्सवाल्यांना, साबण, शाम्पू, दुधातली भेसळ. मला विचाराल तर क सगळ्यात कामाची. पण ती घेताना पोरांना लाज वाटते.

नायगावचा एक जण, "सगळ्यात सोपी कोणती हाय?" म्हटलं, जिचा अभ्यास करशील ती. तोंड वाकडं करून गेला. करेना का.

टेबल आवरायला घेतलं तर जळकोटकडचे एक गुरुजी आले. झेडपीच्या शाळेवर आहेत, नाव माधवराव. खिशाला दोन पेनं. सोबत मुलगी, अंकिता. नीटमध्ये थोडक्यात राहिली. आता वर्षभर लातूरला रिपीटर बॅच, तिथंच हॉस्टेल. आणि आमच्याकडे बीएस्सीला नाव, वर्ष वाया नको म्हणून. फॉर्म तिनंच भरलेला. खूण अ वर.

गुरुजी म्हणाले, "अगं ब ला कर की. डॉक्टरकीचं ब हाय."

ती माझ्याकडे बघत होती. विचारलं, अ का गं? हळूच म्हणाली, "त्यात टायट्रेशन जास्त हाय, मॅडम. मला ते आवडतं. एक थेंब जास्त पडला तरी कळतं."

गुरुजी हसले. "आवडतं म्हणं! मॅडम, तुमीच करा दुरुस्त."

भूक लागली होती मला. अम्मीचे दोन फोन येऊन गेलेले. काढलं व्हाइटनर, अ वरची खूण पुसली, ब वर केली. दुरुस्तीशेजारी विद्यार्थ्याची सही लागते. तिनं पेनाचं टोपण काढलं, परत लावलं. "नंतर करते, मॅडम." गेली.

घरी पोचेपर्यंत चार. खिचडी गार.

३ जुलै, गुरुवार

ऑफिसातून एक फॉर्म परत. अंकिताचाच. दुरुस्तीशेजारी सही नाही. गुरुजींना फोन लावला. "ती लातूरला गेली, मॅडम. नीट होईस्तोवर तिला फोन न्हाई, घरी येणं न्हाई. मीच सांगितलंय. मन ढळतं लेकरांचं." मग काय करणार? मीच केली सही. अंकिता, खाली एक रेघ. सगळेच करतात.

२९ जुलै, मंगळवार

ब चा पहिला तास. यादीत चौसष्ट, बाकावर तेवीस. बाकीचे लातूरला, कोणी कोट्याला. त्यांच्या नावापुढं विभागाच्या हेड सरांनी पेन्सिलनं बारीक टिंब देऊन ठेवलंय. टिंब असलं की विचारायचं नाही, P टाकायचा. हजेरी कमी पडली तर त्यांचा परीक्षा फॉर्म अडतो, आणि तो अडला की पुढच्या वर्षी आमच्या तुकडीत पोरं येत नाहीत. इथं सगळ्यांना माहीत आहे, कोणी बोलत नाही.

एकेचाळीस खोटे P. रेघ मारल्यासारखे सरळ येतात माझे P. हाताला वळणच पडलंय. हजेरी क्रमांक एकेचाळीस म्हणजे अंकिता, हे नंतर ध्यानात आलं.

१२ ऑगस्ट, मंगळ.

अ चं प्रॅक्टिकल. पोरं अठरा. ब्युरेटं अठरा काढली, म्हणजे ती काचेची उभी नळी, खाली कॉक, म्हणजे तोटी, असतो ती. अल्कली वर, अ‍ॅसिड खाली फ्लास्कमध्ये, थेंबथेंब सोडायचं, गुलाबी झालं की थांबायचं.

शेवटी गंगाधरमामा (आमचे लॅब अटेंडंट, माझ्या आधीपासून आहेत, माझ्यानंतरही राहतील) कुरकुर करत आले. "मॅडम, पोरं अठरा अन् धुतली मी एकोणीस. डिस्टिल्ड वाटर काय फुकट येतंय का?"

म्हटलं, एखाद्यानं दोन घेतली असतील. "आसंल," म्हणाले. पण जाईनात. "मागच्या टेबलावर स्टँडला लावलेलं व्हतं. तिथं कोनी बसत न्हाई."

१९ ऑगस्ट, मंगळ.

आज जरा विचित्र झालं. लिहून ठेवते.

टायट्रेशन झालं की प्रत्येकानं फळ्यावर आपलं रीडिंग लिहायचं, नाव नाही, नुसता आकडा. माझीच पद्धत. सगळ्यांचे आकडे शेजारी आले की चोरी कळते. आज फळ्यावर दहा, दहा, दहा पॉइंट एक, नऊ पॉइंट नऊ. पुस्तकात दहा येतं ना, मग सगळ्यांना दहा. आणि सगळ्यात खाली, कोपऱ्यात, बारीक अक्षरात, ९.४.

ओरडले. "हे कोणाचं? धड मोजता येत नाही का?" कोणीच हात वर केला नाही. आकडे मोजले. एकोणीस.

पोरं गेल्यावर मामा कानाशी येऊन म्हणतात, "मॅडम, एक चुकी झाली. सकाळी अ‍ॅसिड तोलताना कमी पडलं. बाटलीतच कमी व्हतं, म्या तसंच बनवलं. सांगू नगा कुनाला."

वजन विचारलं, गणित मांडलं. उत्तर आलं नऊ पॉइंट चार.

म्हणजे अठरा जणांनी एकमेकांचं बघून दहा लिहिलं. खरोखर थेंब मोजून काम केलं ते एकानंच. आणि तो एक कोण, ते मला माहीत नाही.

फळा पुसवेना. तसाच ठेवून आले.

९ सप्टेंबर, मंगळ.

जर्नलं तपासायला घेतली. अ ची अठरा असायला हवीत. एकोणीस निघाली. एकोणिसाव्याला खाकी कव्हर, कडा दुमडून नीट घातलेलं. नाव अंकिता माधवराव. हजेरी क्रमांक एकेचाळीस. गट ब!

गट ब आणि आत सगळे प्रयोग अ चे. तारखा बरोबर. १९ ऑगस्टला ९.४. मागच्या मंगळवारचं पण बरोबर. खाडाखोड नाही.

आधी डोक्यात तिडीक गेली, मग हसूच आलं. बया, लातूरहून दर मंगळवारी पळून येते की काय? बापाला पत्ता नाही, क्लासला पत्ता नाही, आणि पोरगी मागच्या टेबलावर बसून टायट्रेशन करून राहिली! खोटं कशाला बोलू, आनंद झाला मला. वर्षाकाठी कुणाला तरी हा विषय मनापासून हवा असतो.

पोरींना विचारलं, ही कोण गं, कधी आली? दोघी म्हणाल्या, नाही बघितली. सानिया म्हणाली, "मागं असती की मॅडम. पांढरा अ‍ॅप्रन." दुसरी म्हणाली, "काही पण! मागं कोण असतं?" सानियाही मग गोंधळली. "चेहरा न्हाई आठवत. पण असती."

पुढच्या मंगळवारी धरते हिला.

१६ सप्टें., मंगळ.

मागच्या टेबलाशीच उभी राहिले. अकरा ते एक, हलले नाही. मागचं दार मामांनी आतून कडी घालून ठेवलेलं. टेबलावर एक स्टँड, एक ब्युरेट. कोरडं, मी स्वतः बोट फिरवून पाहिलं. माझ्याशेजारी कोणी आलं नाही, कोणी गेलं नाही.

मध्ये एका पोराच्या हातून पिपेट फुटलं. तिकडं वळले. "लागलं का?" एवढंच विचारलं. फार तर अर्धा मिनिट.

वळून बघते तर ब्युरेट ओलं. अल्कली अर्ध्यावर उतरलेली. खाली फ्लास्क, त्यात फिकट गुलाबी.

हे कुणाला सांगून पटायचं नाही, पण मला पटतं, कारण माझा धंदाच हा आहे. तो फिकट गुलाबी रंग हवेत टिकत नाही. दोन-चार मिनिटांत उडतो, पाणी परत बिनरंगाचं होतं. म्हणजे कॉक बंद करून मिनिटसुद्धा झालेलं नव्हतं. आणि तेवढं टायट्रेशन नीट करायला दहा मिनिटं लागतात.

माझ्या डोळ्यासमोर तो रंग गेला. मी हात लावला नाही.

मामांनी पण बघितलं. फ्लास्क धुवायला घेतला नाही त्यांनी. शेवटी मीच धुतला.

१८ सप्टें., गुरु.

हेड सरांना सांगून टाकलं, फक्त जर्नलचं. रंगाचं बोलले असते तर सुट्टीवर पाठवलं असतं. म्हणाले, "टिंबवाली ना? जर्नल आली, मार्क द्या, विषय संपला. तुम्ही लई खोलात जाता मॅडम."

ब चा तास होता. P, P, P. एकेचाळीसवर पेन थांबलं. मग टाकला.

२३ सप्टें., मंगळ.

काल प्रॅक्टिकल नसतानाही लॅब उघडून बसले होते एकटीच. नुसता नळ टपकत होता.

आज परत एकोणीस. आता मामा न सांगता मागं एक स्टँड लावून ठेवतात. विचारलं, का हो मामा? म्हणाले, "लेकरू काम करतंय मन लावून. राहू द्या की."

मला राग यायला पाहिजे होता. आला नाही. भीती वाटते, आणि फळ्यावरचा तो कोपऱ्यातला आकडा बघितल्याशिवाय चैन पण पडत नाही.

२ ऑक्टोबर, गुरु. दसरा

शेजारच्या काकूंनी आपट्याची पानं आणून दिली. अम्मीनं त्यांना डबा भरून शीरखुर्मा पाठवला. सुट्टी. बरं वाटलं, दिवसभर लॅबचा वास नाही.

६ ऑक्टो., सोमवार

गुरुजी आले.

दुपारी स्टाफरूमच्या दारात उभे. तोच पांढरा शर्ट, पण चुरगळलेला, खिशाला पेन नाही. मी ओळखलंच नाही आधी. पाणी दिलं. पिईनात.

दसऱ्याला म्हणून लातूरला गेले होते, पोरीला भेटायला. जूननंतर पहिल्यांदा. मन ढळू नये म्हणून मधे गेलेच नव्हते, गणपतीला पण येऊ दिलं नाही तिला. हॉस्टेलवर रजिस्टरमध्ये रोज हजर. क्लासचा रोज मेसेज यायचा त्यांच्या मोबाईलवर, आपला पाल्य उपस्थित आहे. खोलीतली मुलगी म्हणाली, काका, ती तर ऑगस्टच्या पहिल्याच आठवड्यात बॅग घेऊन गेली, घरी जाते म्हणाली. आम्हाला वाटलं, सोडला क्लास. क्लासला तिच्या नावाला दुसरंच कोणी तरी हो म्हणत असणार. दोनशे पोरांत कोण बघतंय?

घरी ती पोचलीच नाही.

लातूरला पोलिसांत तक्रार दिली. तिथल्या साहेबांनी विचारलं, आणखी कुठं नाव होतं का? म्हणून इकडं नांदेडला, आमच्या कॉलेजात. खाली ऑफिसात त्यांना रजिस्टर दाखवलं. परवापर्यंत P.

"तिनी ठिकानी हजर हाय माझी लेक," म्हणाले. "अन् दिसंना कुठं."

हेड सर तोवर आले होते. माझ्याकडे बघून मान हलवली, नाही म्हणून. गुरुजींना म्हणाले, "रजिस्टरला P आहे म्हणजे आहे. येत असेल. पोरं येतात, जातात."

गुरुजी माझ्याकडे वळले. आवाज चढवला नाही. "मॅडम, मी पण मास्तर हाय. वीस वर्षं हजेरी भरतोय. अधिकारी यायचे म्हणले की शाळेत नसलेली पोरं मी पण हजर केलीत. कशी भरतात ठाव हाय मला. तुमी फक्त एवढं सांगा, तुमी तिला डोळ्यानं बघितलं का?"

नोकरी दर वर्षी नव्यानं लागते माझी. सही हेड सरांची लागते. हे सगळं डोक्यातून गेलं, लपवत नाही. आणि दुसरं पण गेलं. P खरे आहेत म्हटलं, तर पोलीस म्हणतील पोरगी नांदेडात फिरतेय, शोधायचं कशाला? खोटे म्हटलं, तर मग ती जर्नल कोणाची?

म्हटलं, "नाही बघितलं, गुरुजी. ते P मी टाकलेत. सगळे खोटे आहेत. पोलिसांना लिहून देते."

हेड सर उठून गेले.

मग मी कपाटातून जर्नल काढून त्यांच्या पुढ्यात ठेवली. त्यांनी कव्हरवरून हात फिरवला. दुमडलेल्या कडा बघितल्या. "मीच शिकवलं व्हतं आसं घालायला. दुसरीत आसताना." आतलं अक्षर बघितलं. "तिचंच हाय." तारखा बघितल्या. सप्टेंबर. गेला मंगळवार. वर बघितलं माझ्याकडे. म्हटलं, मला माहीत नाही गुरुजी. उद्या मंगळवार आहे. या तुम्ही.

मग ते पण सांगून टाकलं. "तिला अ पाहिजे होतं. खूण तिनं केली होती, मी पुसली. सहीसुद्धा मीच केली, तिनं केली नव्हती."

त्यांनी जर्नल मिटली. म्हणाले, "मी सांगितलं म्हनून पुसली तुमी."

रडायला आलं मला. त्यांच्यासमोरच रडले.

६ ऑक्टो., संध्याकाळ

पोलीस चौकीत लेखी देऊन आले. कागद घेतला, उद्या-परवा येतो म्हणाले.

घरी अम्मीला सगळं सांगितलं. रंगाचं पण. वाटलं होतं, फुंकर घालेल, पाणी देईल दुआ पढून. तसं काही नाही. तांदूळ निवडत होती, मान वर न करता म्हणाली, "इतने महीने से हाजिर लिखरी तू उसको. नाम लेके पुकारी क्या कभी?"

नाही पुकारलं. दोन-सव्वादोन महिन्यांत एकदाही नाही. टिंबवाल्यांची नावं कुठं घेतो आपण.

७ ऑक्टो., मंगळवार. दुपार, लॅबमध्येच लिहितेय

गुरुजी साडेदहालाच येऊन बसले होते, मागच्या टेबलाशी, स्टुलावर. पिशवी मांडीवर. पिशवीत तिचा स्वेटर आणलाय. मामांनी त्यांना चहा दिला, आणि स्टँड लावला, नेहमीसारखा.

आधी विषय-बदलाचा फॉर्म घेतला. मुदत कधीच संपली, ऑफिस फेकून देईल. देऊ दे. गुरुजींनी स्वतः खूण केली, अ वर. पालकाची सही केली. विद्यार्थ्याच्या सहीची जागा मोकळी ठेवली आम्ही. मी हात लावला नाही.

मग अ चं रजिस्टर उघडून अठरानंतर एक ओळ लिहिली.

हजेरी सुरू केली. अठरापर्यंत नेहमीसारखं, येस मॅडम, येस मॅडम, कोणी जांभई देत, कोणी मोबाईल लपवत. मग मोठ्यानं म्हटलं, "एकोणीस. अंकिता माधवराव."

काही आवाज आला नाही.

पण पोरं वळली. सांगितलं नव्हतं मी कोणाला. एकेक करून अठराच्या अठरा मागं वळली. गुरुजींकडे नाही बघितलं कोणी. त्यांच्या उजव्या हाताला जे रिकामं स्टूल आहे तिकडं बघत होती सगळी, एकाच जागी. सानियानं तर जरा सरकून वाट दिल्यासारखं केलं.

गुरुजींनी पण मान वळवली. स्टुलाकडे बघितलं, मग टेबलावर. ब्युरेट ओलं होतं. अजून कोणाला अल्कली वाटलीसुद्धा नव्हती.

हातात पेन तसंच. P लिहवेना, A लिहवेना. रकाना मोकळा आहे, आत्ताही मोकळाच आहे.

गुरुजी उभे राहिले. पिशवीतला स्वेटर काढून त्या स्टुलावर ठेवला, बाह्या नीट केल्या. माझ्याकडे न बघताच म्हणाले, "मॅडम, आवाज गेला नसंल तिच्यापतूर. अजून एकदा पुकारा."